जखमी शिंगराची शुश्रूषा : या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणि तिच्यामागे धावणारे शिंगरू घेऊन अनेक शेतकरी हौसेने घरी येतात. मळ्याला बहुधा काटेरी तारेचे कुंपण असते. शिंगराला तार दिसत नाही. ते उधळते आणि पाय तारेत अडकवून घेते. त्यानंतर जे उपचार केले जातात, ते मी तापीकाठच्या गावांत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि मूळ जखमेपेक्षा या उपचारांनीच जास्त जनावरे अधू झाली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जखमेवर काहीतरी लावण्याची घाई. हळद, चुना, राख, रॉकेल, जळके ऑइल, मोरचूद, जे हाताशी असेल ते चोपडले जाते. बैलाच्या खांद्याची जखम अशा उपचारानंतरही भरून येते, कारण तिथे कातडीखाली मांस असते आणि रक्तपुरवठाही भरपूर असतो. घोड्याच्या गुडघ्याखाली मात्र मांसल स्नायू नाहीत. कातडीखाली थेट शिरा, स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) आणि हाड असते, आणि प्रत्येक पावलागणिक जखमेच्या कडा ताणल्या जातात. त्यामुळे तिथे नवी कातडी दिवसाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे सरकत नाही, पण तळातून लाल मांस मात्र भराभर वर येते. जखमेला चरचरणारे काहीही लावले की हे मांस आणखी माजते.

आमच्या शेजारच्या गावात एका बागायतदाराच्या वछेरीला (मादी शिंगराला) मागच्या पायाच्या नळीवर, पुढच्या बाजूने, वीतभर जखम झाली होती. डॉक्टरांना बोलावून त्याच दिवशी टाके घालून घेतले असते, तर प्रकरण तिथेच आटोक्यात आले असते. घरच्यांनी आधी हळद आणि तूप भरले. काही दिवसांनी मांस कातडीच्या वर आले, तेव्हा जखम छान भरते आहे असे समजून सर्वांना आनंद झाला. मग कोणी तरी सांगितले म्हणून मोरचूद लावला. मोरचूद वाढलेले मांस जाळतो हे खरे, पण कडेने येणारी नवी कातडीही तो त्याबरोबर जाळतो, आणि मांस पुन्हा दुप्पट जोराने वाढते. मी पोहोचलो तेव्हा त्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा लाल, ओला गोळा झाला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. डॉक्टरांनी वछेरीला गुंगीचे इंजेक्शन देऊन तो गोळा कातडीच्या पातळीपर्यंत सपाट छाटला. रक्ताची धार पाहून मालक हादरला, पण वछेरीने पायही झटकला नाही, कारण या वाढीव मांसात नसा नसतात. त्यानंतर दाब देणारी पट्टी, ठरावीक दिवसांनी ती बदलणे आणि वाट पाहणे, एवढेच उपचार झाले. पुढच्या एका पट्टीच्या वेळी जखमेच्या कडेने फिकट गुलाबी, काचेसारखी चकाकणारी बारीक रेघ दिसली. तीच नवी कातडी. तिला ओल्या बोळ्याने घासूसुद्धा नये.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. पाण्याच्या सौम्य धारेने माती धुऊन काढायची. मग उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा, घालून त्याने जखम धुवायची. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरायचेच असेल, तर ते फिकट कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून घ्यावे. कातडीचा लोंबता तुकडा कापून टाकू नये. पुष्कळदा डॉक्टरांना टाके घालण्यासाठी तोच उपयोगी पडतो. बाकी डबे आणि पुड्या तबेल्यातून बाहेर काढाव्यात.

मोठी जखम पाहून सगळे धावतात, पण सांध्याजवळच्या खिळ्याच्या बारीक भोकाकडे कोणी लक्ष देत नाही. तिथून पिवळसर, बोटांत धरल्यास तार धरणारा चिकट द्रव येत असेल, तर जखम सांध्यात गेलेली असू शकते, आणि डॉक्टरांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे म्हणजे पाय गमावण्याची तयारी करणे होय.

धनुर्वाताचा विचारही असाच विसरला जातो. त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत घोड्याला या रोगाचा धोका सर्वाधिक असतो. घोडीला विण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात लस दिली असेल, तर चिकातून शिंगराला काही महिने संरक्षण मिळते. तशी खात्री नसेल, तर जखमेच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे धनुर्वातविरोधी सिरमची मागणी करावी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पडदा वर येऊ लागला, पाय लाकडासारखे ताठ झाले आणि शेपटी उचललेली राहिली, म्हणजे बहुधा फार उशीर झालेला असतो.

दुसरी चूक दुखणे दाबण्याची. शिंगरू लंगडते म्हणून मालक औषधाच्या दुकानातून वेदनाशामक आणतो, तासाभरात ते नीट चालू लागते आणि त्याला मोकळे सोडले जाते. अर्धवट सांधलेला स्नायुरज्जू अशाच एका उधळीत तुटतो. दुखणे हाच त्या जनावराचा राखणदार आहे. त्याला पूर्ण झोपवू नये. शिवाय या औषधांनी शिंगरांच्या जठरात व्रण होतात, आणि शिंगरू दूध सोडून दात खात उभे राहिले, तर तो इशारा समजावा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी गिधाडांच्या मृत्यूंमुळे 2006 मध्ये बंदी आली, तरीही माणसांसाठीच्या कुप्या गोठ्यात सापडतात, याची मला खरोखर चीड येते. डोस आणि मुदत डॉक्टरांनीच ठरवावी. यात्रेपर्यंत वछेरा नाचला पाहिजे, या हट्टापायी इंजेक्शन देणाऱ्याने घोडा पाळूच नये.

पट्टी बांधताना कापसाचा जाड थर न देता दोरीसारखी आवळली, तर स्नायुरज्जूला इजा होते. चांगल्या पायाकडेही रोज पाहावे, कारण वाढत्या वयात सगळा भार त्यावर पडला तर तो वाकडा होतो.

शिंगराला आईपासून तोडू नये. दोघांना एकाच कोरड्या, किमान 12 फूट लांब-रुंद खोलीत ठेवावे. बांधून ठेवलेल्या शिंगराला ताकद यावी म्हणून हरभरा वाढवू नये. गाईंचे तयार खाद्य तर अजिबात देऊ नये, कारण त्यात कधी कधी असणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याला मारक ठरते. नळीने काढा पाजू नये, तो फुप्फुसात जातो.

बाहेर काढण्याची परवानगी डॉक्टरांनी दिली, तरी पहिले काही दिवस मी दोरी सोडत नाही. सकाळी थंड वेळी, सपाट जमिनीवर, घोडीला एकाने पुढे न्यायचे आणि दुसऱ्याने मोरखी धरून शिंगराला तिच्या मागे दहा मिनिटे फक्त चालवायचे. परत आल्यावर पायावरून हात फिरवावा. कालच्यापेक्षा ऊब किंवा सूज जास्त लागली, तर दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर काढू नये, मग ते कितीही उड्या मारत असो.