सिंगापूरची क्रूझ आणि युनिव्हर्सल स्टुडिओज: एकत्र बुकिंग की सुटं? निघण्याआधीची तयारी

मुलांना युनिव्हर्सल स्टुडिओज हवंय, आजी-आजोबांना जहाजातून समुद्र बघायचाय आणि सुट्टी जेमतेम आठवड्याची आहे. मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी घरांत सिंगापूरची सहल अशीच ठरते. मग एजंटचं पॅकेज समोर येतं: विमान, हॉटेल, पार्क, क्रूझ, सगळं एका रकमेत. शेजारीच कोणीतरी सांगतं की सुटं घेतलं तर बरेच पैसे वाचतात. दोघांचंही खरं असू शकतं, पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका. एकूण रक्कम किती, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे की मधली एखादी गोष्ट फिस्कटली तर भुर्दंड कोणाला? तयारीची सगळी यादी हा प्रश्न मनात धरूनच करायची.

पहिलं काम पासपोर्ट. घरातल्या सगळ्यांचे एका जागी काढा आणि परतीच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने मुदत आहे ना, ते एकेकाचं बघा. लहान मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, त्यामुळे घोडं बहुतेक तिथेच अडतं. नावंही आत्ताच तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि बुकिंग करताना ते सर्रास गाळलं जातं. विमान, क्रूझ आणि व्हिसा या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच नाव हवं. पॅकेज घेतलंत तर एजंटला नावं फोनवर सांगू नका, पासपोर्टची प्रत पाठवा आणि तिकिटं आल्यावर अक्षर न् अक्षर ताडून बघा.

दुसरं काम व्हिसा, आणि इथे क्रूझमुळे एक वेगळी गोष्ट येते. जहाज सिंगापूरहून निघतं तेव्हा तुमचं इमिग्रेशन होतं, म्हणजे कागदोपत्री तुम्ही देश सोडता. परत आलात की पुन्हा प्रवेश. म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. ई-व्हिसा हातात आला की त्यावर ‘मल्टिपल जर्नी’ लिहिलंय का ते स्वतः वाचा, एजंटच्या ‘हो हो, असतोच’ वर राहू नका. हा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत मिळतो, अर्ज साधारण प्रवासाच्या आधीच्या तीस दिवसांत करायचा असतो आणि फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, अलीकडचा लागतो. जहाज पेनांग किंवा पोर्ट क्लांगला थांबणार असेल तर तो मलेशिया. भारतीयांना तिथे २०२६ अखेरपर्यंत व्हिसा माफ आहे. फुकेत असेल तर थायलंडचा त्या वेळचा नियम वेगळा बघा. ‘आम्ही बंदरावर उतरणारच नाही’ म्हणून हे सोडून देऊ नका. जहाज ज्या देशात थांबतं त्या देशाची कागदपत्रं नसतील तर जहाज कंपनी मुळात चढूच देणार नाही, असं होऊ शकतं.

आता दर. पॅकेजचा आकडा ‘प्रति व्यक्ती, ट्विन शेअरिंग’ असा, म्हणजे एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. त्याला तसाच न घेता पूर्ण कुटुंबाचा एक आकडा लिहून मागा. क्रूझच्या केबिनमध्ये पहिल्या दोघांचं भाडं पूर्ण आणि तिसऱ्या-चौथ्याचं बहुतेक वेळा कमी असतं, त्यामुळे चौघांच्या घराचा हिशेब आणि आजी-आजोबांसह सहा जणांचा हिशेब फार वेगळा निघतो. हॉटेलात ‘मुलाला वेगळा बेड नको’ म्हटलं की भागतं, जहाजावर भागत नाही. तिथे तान्हं बाळही मोजलं जातं, कारण जीवरक्षक नौकांतल्या जागा माणशी ठरलेल्या असतात. शिवाय बऱ्याच जहाजांवर सहा महिन्यांच्या आतलं बाळ आणि चोवीस आठवड्यांपुढची गर्भवती यांना प्रवेश नसतो. पैसे भरण्याआधी हे विचाराच.

मग रकमेत काय धरलंय ते बघायचं. क्रूझच्या मूळ भाड्यावर बंदराचे कर आणि माणशी दर रात्रीची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टीप लागते, आणि ती लहान मुलांनाही लावतात. वाय-फाय, थंड पेयं, काही खास रेस्टॉरंटं आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या. पॅकेजवाले ग्रॅच्युइटी कधी धरतात, कधी ‘जहाजावर थेट भरावी’ असं बारीक अक्षरात लिहितात. स्वतः सुटं बुक करणाऱ्याला वेगळी कात्री लागते: डॉलरमध्ये भरलेल्या रकमेवर क्रेडिट कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं, त्यावर जीएसटी. हे दोन्ही बाजूंना मांडल्याशिवाय तुलना होत नाही.

टीसीएसचाही हिशेब करा. भारतातल्या एजंटकडून परदेश सहलीचं पॅकेज घेतलं की तो उगमस्थानी कर गोळा करतो. २०२५-२६ या वर्षात १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के असा दर होता. अर्थसंकल्पात तो बदलत असतो, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरत नाहीत, असं आयकर खात्याने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. यातल्या दोन गोष्टी एकाच विक्रेत्याकडून घेतल्या की पॅकेज झालं. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत काही महिने अडकून राहतो. म्हणून पॅन कोणाचं द्यायचं ते घरात आधी ठरवा. निवृत्त बाबांनी हौसेने सगळ्यांचे पैसे भरले आणि ते विवरणपत्रच भरत नसतील, तर ती रक्कम परत मिळवण्यासाठी त्यांना ते भरावं लागेल.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र तारखा फिरण्याच्या शक्यतेवर द्या. डिस्ने अ‍ॅडव्हेंचर हे मोठं नवं जहाज सिंगापूरहून पहिल्यांदा १५ डिसेंबर २०२५ ला निघणार होतं. जहाजबांधणीला उशीर झाला आणि ती तारीख १० मार्च २०२६ वर गेली. नाताळच्या सुट्टीचा बेत आखलेल्या कुटुंबांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जहाज रद्द झालं तर कंपनी जहाजाचे पैसे परत करते किंवा दुसरी तारीख देते. पण तुम्ही वेगळं काढलेलं विमान, परतावा नसलेलं हॉटेल आणि तारखेचं पार्क तिकीट यांचं काय, हा तुमचा प्रश्न राहतो. सुट्या बुकिंगची खरी किंमत ही आहे.

पॅकेज घेतलं म्हणजे हे नुकसान आपोआप एजंट सोसतो, असं मात्र समजू नका. त्याला ईमेलवर सरळ तीन प्रश्न विचारा. जहाजाची तारीख बदलली तर विमान आणि हॉटेल बदलण्याचा खर्च कोणाचा? मुंबईचं विमान उशिरा पोचून जहाज चुकलं तर पुढे काय? आणि आमच्यातल्या एकालाच आजारपणामुळे रद्द करावं लागलं तर उरलेल्यांच्या केबिनचं भाडं वाढेल का? उत्तरं लेखी आली तर पॅकेजसाठी मोजलेले जादा पैसे सार्थकी लागतात. ‘बघू, करू काहीतरी’ असं उत्तर आलं, तर तुम्ही जादा पैसे फक्त फॉर्म भरून देण्याचे मोजताय.

दोन्ही प्रकारांत प्रवास विमा सगळ्या तारखांचा एकच घ्या, जहाजावरच्या रात्रींसकट. त्यात क्रूझवरचे उपचार धरलेत का ते शब्दशः शोधा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं आणि तिथल्या तिथे खात्यावर पडतं. आजोबांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो अर्जात लिहा.

माझं मत विचाराल तर सगळं एकत्र किंवा सगळं सुटं, हे दोन्ही टाळावं. विमान, क्रूझ आणि क्रूझच्या आदल्या रात्रीचं हॉटेल एका हाती द्यावं, कारण या तीन गोष्टी एकमेकींच्या वेळेवर अवलंबून आहेत. आईवडील बरोबर असतील किंवा पहिलाच परदेश प्रवास असेल तर नक्कीच. पार्क मात्र स्वतः घ्यावं. युनिव्हर्सलचं तिकीट तारखेचं असतं आणि ऑनलाइन काही मिनिटांत मिळतं. चार ते बारा वर्षांसाठी मुलांचा दर, चारच्या आतल्यांना मोफत. पॅकेजमध्ये ते घेतलं की दिवस एजंट ठरवतो, ग्रुपची बस सकाळी नेते आणि ठरल्या वेळी परत आणते. रांगा टाळणारा एक्स्प्रेस पास त्यात बहुधा नसतोच आणि त्याचे दर दिवसागणिक बदलतात. शक्यतो शनिवार-रविवार सोडा. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरभर असते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीचे पहिले आठवडे म्हणून तिथे बरे पडतात.

तिकीट काढण्याआधी मुलांची उंची मोजा. भिंतीला पाठ लावून, बूट काढून, खरीखुरी. ट्रान्सफॉर्मर्स राइडसाठी १०२ सेंटिमीटर लागते, ममीच्या राइडला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. आठ वर्षांचं मूल रांगेत पाऊण तास उभं राहून पट्टीपाशी परत फिरलं की त्याचा अख्खा दिवस कडू होतो. घरीच कळलं तर त्याच्यासाठी वेगळा बेत करता येतो; २०२५ मध्ये उघडलेला मिनियन लँडचा भाग लहानांना पुरतो. पार्कात बाहेरचं जेवण नेऊ देत नाहीत, बाळाचं चालतं. ज्युरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडवर माणूस चिंब भिजतो, म्हणून एक कपड्यांचा जोड बरोबर ठेवा. पार्क सेंटोसा बेटावर आहे. तिथे जायला हार्बरफ्रंट मेट्रो, मग व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल. टॅक्सीची गरज नाही.

क्रम असा लावा: आधी शहर आणि पार्क, शेवटी क्रूझ. मुंबईहून विमान साडेपाच तासांच्या आसपास घेतं, घड्याळ अडीच तास पुढे जातं आणि रात्रीच्या विमानाने उतरलेली मंडळी पहिला दिवस अर्धवट झोपेतच असतात. दोन-तीन रात्री शहरात काढल्या की विमान उशिरा झालं, बॅग मागे राहिली, तरी जहाज चुकत नाही. पार्कातली दिवसभराची पायपीट आधी उरकली की जहाजावर सगळ्यांना पाय पसरून बसता येतं. उतरल्या दिवशीच जहाज पकडायचं पॅकेज स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

जहाज कुठून सुटतं तेही तिकिटावर वाचा. सिंगापुरात क्रूझसाठी दोन वेगळी ठिकाणं आहेत: मरीना साउथ पियर मेट्रोजवळचं मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीत बसून नुसतं ‘क्रूझ सेंटर’ म्हणाल तर भलतीकडे पोचाल. ऑनलाइन चेक-इन लवकर करा, चढण्याची वेळ त्यातच ठरते. जैन जेवण किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर ते बुकिंगच्या वेळीच नोंदवा. या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असल्याने शाकाहारी जेवण मिळतंच, जैन मात्र सांगितल्याशिवाय मिळेल असं नाही.

सामान भरताना आपल्या काही सवयी आडव्या येतात. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री जहाजावर चालत नाही, चढतानाच काढून घेतात. घरी केलेलं ताजं खाणं बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटं ठेवा. सिंगापूरला खसखस नेऊ नका. तिथला अमली पदार्थ विभाग तिच्यावर बंधनं घालतो, आणि दिवाळीनंतरच्या सहलीत डब्यातल्या अनारशांवर ती हमखास असते. च्युइंग गम, गुटखा, ई-सिगारेट घरीच राहू द्या. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते, म्हणून आजी-आजोबांच्या औषधांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी तपासा. प्लग तीन चौकोनी पिनांचा, त्याचा अ‍ॅडॅप्टर घ्या.

निघण्याच्या आठवड्यात एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत, सरकारी संकेतस्थळावर, मोफत. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर बंद करा. क्रूझवरून परत येताना हेच कार्ड पुन्हा भरावं लागतं आणि पॅकेजवाल्यांच्या सूचनांत हे दुसरं कार्ड अनेकदा राहून जातं. जहाजावरचं इंटरनेट महाग पडतं, म्हणून शेवटच्या बंदरावर मोबाइलला रेंज असतानाच घरातल्या प्रत्येकाचं भरून टाका. जहाज कुठेच थांबणार नसेल, तर चढण्याआधी सिंगापुरातच तीन दिवसांची मुदत मोजून भरता येतं का ते बघा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्टी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट धक्क्यावर मिळतात. पासपोर्ट, औषधं, चष्मे आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बॅग बाहेर गेली की रात्री परत मिळत नाही. उतरायला सकाळचे दोन-तीन तास सहज जातात, म्हणून परतीचं विमान दुपारी उशिराचं किंवा रात्रीचं असू द्या. पॅकेजमध्ये सकाळी अकराचं विमान लावलेलं दिसलं, तर आगाऊ रक्कम देण्याआधीच ते बदलून मागा. रात्रीचं विमान असेल तर चांगी विमानतळाच्या ज्वेल या मॉलमध्ये सामान ठेवायची सोय आहे. बॅगा तिथे टाकून मुलांना धबधबा दाखवता येतो.