शाळेत टॅब येण्याआधी: मुलांना सोबत घेऊन करायची तयारी

तयारी जुलैत सुरू करा. शाळा विकास आराखडा डिसेंबरअखेर हातात हवा हे खरं, पण डिसेंबरात शाळा कोरडी असते आणि सगळं ठीकच दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या शाळांची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. त्या दोन महिन्यांत सातवीतल्या दोघांकडे एक शंभर पानी वही द्या. रोज तीनच नोंदी: वीज किती वाजता गेली नि आली, कुठल्या भिंतीला ओल धरली, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना शिक्षकांचं बोलणं शेवटच्या बाकावर ऐकू आलं का. ही वही विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कामाला येते. रोज बारा ते दोन वीज जात असेल तर इन्व्हर्टरशिवाय प्रोजेक्टर घेऊन उपयोग नाही, हे तिच्यातूनच कळतं.

शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या नदीकाठच्या गावांत आणखी एक नोंद लागते. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी शाळेत कुठवर चढलं होतं, हे मुलांनी घरी विचारून यावं आणि भिंतीवर टेपनं मोजून खूण करावी. चार्जिंगचं कपाट त्या खुणेच्या वर किंवा माडीवर. पुरात शाळेतच लोकांची सोय करावी लागते, तेव्हा सामान कोण हलवणार, कुठं ठेवणार आणि दुसरी किल्ली कोणाकडे, हेही आत्ताच लिहून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर या कामासाठी मुलांचा एक गट करा. आठ मुलं पुरतात: पाचवी ते आठवी प्रत्येकी दोन, निम्म्या मुली. शालेय मंत्रिमंडळ जसंच्या तसं उचलून बसवू नका. तिथं दरवर्षीची तीच धीट मुलं असतात. लांबच्या वाडीवरून चालत येणारं एक, फळ्यावरचं नीट न दिसणारं एक, घरात स्मार्टफोन नसलेलं एक, असं बघून घ्या. एक जागा ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ठेवा. गळीत हंगामात ती वर्गात असतात आणि हंगाम संपला की जातात. सप्टेंबरच्या पटावर टॅब मोजले तर जानेवारीत कमी पडतात.

पहिल्या बैठकीत ‘तुम्हाला काय पाहिजे?’ हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं आहे: टॅब. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात कोणत्या तासाला काय अडलं?’ असं विचारा, आणि हात वर करायला न लावता चिठ्ठ्या घ्या. हात वर करायला लावले की पुढच्या बाकाकडे बघून मागचे हात वर होतात. चिठ्ठ्यांचे ढीग लावले की निम्म्या अडचणी यंत्राविना सुटणाऱ्या निघू शकतात. समजा तीन चिठ्ठ्या आल्या: खिडकीला पडदा नाही, फळा चकाकतो, बाईंच्या मोबाईलवरचं चित्र चाळीस जणांना दिसत नाही. यातली शेवटचीच यंत्राची आहे.

मग मोजमाप. इथं घाई करू नका, कारण पैसे इथंच वाया जातात. शेवटच्या बाकापासून पडद्यापर्यंतचं अंतर मुलांना मोजू द्या आणि त्याला 6 नं भागू द्या. पडद्याची उंची निदान तेवढी हवी. 24 फुटांच्या खोलीला 4 फूट लागतात. 65 इंची पॅनल (भिंतीवरचा मोठा टचस्क्रीन; 65 हे कर्णाचं माप) उंचीला जेमतेम 32 इंच असतो, म्हणजे 16 फुटांपलीकडच्या मुलाला त्यावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. हा हिशेब सहावीचं पोर करतं. खरेदीच्या वेळी तो कुणीच करत नाही. नंतर अकरा, एक आणि साडेतीन वाजता प्रत्येक बाकावर एकेक मूल बसवून ऊन कुठं पडतं ते नकाशावर रंगवून घ्या. इन्फ्रारेड टच (कडेच्या पट्टीतल्या अदृश्य किरणांनी बोट ओळखणारा) असलेल्या पॅनलवर थेट ऊन आलं किंवा कडेच्या पट्टीत खडूची धूळ बसली की बोट एकीकडे आणि खूण दुसरीकडे उठते.

विजेच्या बाबतीत मुलांनी फक्त बघायचं आणि मोजायचं. सॉकेटला हात लावायचा नाही. अर्थिंग वायरमनकडूनच तपासून घ्या. हिशेब मात्र मुलांसमोर करा: 20 डेस्कटॉप प्रत्येकी 150 वॅट धरले तर 3000 वॅट, 230 व्होल्टला 13 अँपिअर. एका 6 अँपिअरच्या पॉइंटवर एक्स्टेन्शन बोर्डांची माळ लावली तर एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) सारखी पडते, नाहीतर प्लग वितळतो. 20 टॅबना 10 वॅटचे चार्जर लावले तर 200 वॅटच लागतात. जुन्या वायरिंगच्या शाळेला तेच परवडतं. इंटरनेट शाळेच्या वेळेत, वर्गावर्गात उभं राहून तपासा. 20 टॅबवर एकदम व्हिडिओ लागला तर प्रत्येकी दीड धरून 30 एमबीपीएस हवेत. तेवढे मिळत नसतील तर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे पाठ आधी उतरवून ठेवायचे.

घरच्या फोनची माहिती निनावी घ्या: फोन आहे का, संध्याकाळी घरी असतो का, रिचार्ज असतो का. ॲपवर मुलांची खाती काढायची तर पालकांची संमती आधी. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी ती सक्तीची आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गटातल्या दोघांना सुरुवातीची दहा मिनिटं द्या. चहा झाल्यावर बोलावलं तर कौतुक होतं, निर्णय होत नाही. रक्कम आधीच सांगा. समजा दीड लाख आहेत, तर त्यातले वीस-पंचवीस हजार दुरुस्ती, बॅटरी आणि वीजबिलासाठी बाजूला काढून उरलेल्यावर त्यांना पर्याय मांडू द्या. जे नाकारलं ते का नाकारलं, हे त्याच आठवड्याच्या परिपाठात सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

माल मार्चअखेरीस येतो आणि खोकी जूनपर्यंत तशीच राहतात. वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून धावते, म्हणजे तीन महिने गेलेच. खोकी आल्या दिवशी गटासमोर फोडा, प्रत्येक टॅब चालू करून नंबर वहीत चढवा, मग निम्म्या चार्जवर बंद करून कपाटात ठेवा. मे महिन्यात एकदा चार्ज बघायचं काम गावातच राहणाऱ्या कुणाकडे तरी नावानं लावून द्या.