कथास्पर्धेला दिलेला विषय कथेत नीट कसा आणायचा

आधी एक काम करा, नियमावली दोनदा वाचा आणि विषय नेमका कसा दिलाय ते बघा. कारण "विषय" म्हणून प्रत्येक जण वेगळंच काहीतरी देतो. कुठे नुसता एक शब्द असतो, कुठे पहिलं वाक्य, कुठे फोटो. एनवायसी मिडनाइट या अमेरिकेतल्या लेखनस्पर्धा घेणाऱ्या संस्थेची फ्लॅश फिक्शनची, म्हणजे अगदी छोट्या कथांची, स्पर्धा असते त्यात तर जॉनर (कथेचा प्रकार, जसं रहस्यकथा किंवा भयकथा), जागा आणि एक वस्तू असं तीन गोष्टींचं पॅकेज हातात देतात आणि 48 तासांत 1000 शब्दांच्या आत कथा द्यायची. तिथे वस्तू कथेत प्रत्यक्ष दिसली की भागतं, पण नुसता शब्द दिला असेल तर तो कथेत एकदा आला म्हणून भागत नाही, तिथे अख्खी कथाच त्याची हवी. हा फरक कळला नाही तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता समजा विषय आलाय "उसनं". लगेच लिहायला बसू नका. कागद घ्या आणि डोक्यात येईल ते भराभर लिहून काढा: उसने पैसे, कर्जबाजारी माणूस, उसनं आयुष्य, उसनं हसू. हे पहिले चार-पाच जे आले ना, ते प्रत्येकाला आलेत. परीक्षकांच्या समोरच्या गठ्ठ्यात कर्जबाजारी माणसाच्या किती कथा असतील विचार करा. म्हणून लिहीत राहा, दहाव्या-बाराव्या ओळीनंतर जरा खास तुमचं असं यायला लागतं, बहुतेक वेळा एखादी अगदी साधी वस्तू.

मला यातून बूट सुचले. एक मुलगी इंटरव्ह्यूला मैत्रिणीचे बूट उसने घेऊन जाते, एक नंबर लहान, टाच सोलवटलेली, तरी ती हसत उत्तरं देते आणि नोकरी मिळते. संध्याकाळी बूट परत द्यायला जाते तर मैत्रिणीच्या टेबलावर त्याच कंपनीचं, त्याच दिवसाचं इंटरव्ह्यूचं पत्र, आणि मैत्रिणीकडे बूट एवढे एकच. बास. यात "उसनं" हा शब्द एकदाही नाही आला तरी चालेल.

आता यातून "उसनं" काढून बघा. बूट मुलीचे स्वतःचे असते तर? कथाच उरत नाही, एका मुलीला नोकरी लागली एवढंच उरतं. माझ्या मते हीच खरी परीक्षा आहे आणि मी प्रत्येक कथेला ही लावतेच: विषय काढल्यावर कथा कोसळली पाहिजे. तशीच उभी राहिली तर विषय वरून चिकटवलाय.

जुनी कथा काढून तिच्यात विषय घुसवायचा मोह सगळ्यांना होतो. मीपण केलंय. विषय "पाऊस" होता, माझ्याकडे बाप-लेकाच्या भांडणाची कथा तयार होती, मला ती फार आवडायची, मी खिडकीबाहेर पाऊस पाडला आणि पाठवून दिली. शेरा आला, कथा चांगली आहे पण विषयाशी संबंध नाही. वाईट वाटलं, पण बरोबर होतं त्यांचं, त्या भांडणाला पावसाने काहीच केलं नव्हतं. जुनी कथा वापरायचीच असेल तर विषयामुळे निदान एक निर्णय बदलला पाहिजे, म्हणजे पाऊस थांबेना म्हणून मुलाला घरातच थांबावं लागलं आणि त्यामुळेच बोलणं झालं, असं काहीतरी. मग बहुतेक वेळा निम्मी कथा परत लिहावी लागते, तयारी ठेवा.

उलटी चूकही होते. विषय "क्षमा" आला की पात्रं एकमेकांना क्षमेवर भाषण द्यायला लागतात. विषय पात्राने काय केलं त्यात दिसू दे, तोंडी नको. आणि फार आडवळणाचा अर्थही नको, जो समजावायला कथेच्या खाली टीप द्यावी लागेल. परीक्षक तुम्हाला फोन करून विचारणार नाहीत.

विषय पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत कुठेतरी चाहूल लागेल इतपत यावा, बूट पहिल्याच ओळीत चावले तरी उत्तम, आणि शेवटी त्याचं वजन वाढलेलं असावं. फक्त शेवटच्या वाक्यात आणला तर धक्का देण्यासाठी राखून ठेवल्यासारखा वाटतो. शीर्षक म्हणून विषयाचाच शब्द शक्यतो नको, निम्म्या कथांना तेच नाव असतं.

शब्दमर्यादा, फॉन्ट, कथेच्या फाइलवर नाव टाकायचं की नाही, हे सगळं डेडलाइनच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

आणि पाठवायच्या आधी कथा अशा कुणाला तरी द्या ज्याला विषय माहीत नाही. वाचून झाल्यावर एवढंच विचारा, "कशाबद्दल आहे?" तो "घेतलेलं परत करण्याबद्दल" किंवा तशा अर्थाचं काही म्हणाला तर पाठवा. "मैत्रीबद्दल" म्हणाला तर अजून एक ड्राफ्ट करा.