देशोदेशींच्या अनलॉकची तुलना करताय? या चुका टाळा

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मुलांचे प्रकल्प मी गेली चार वर्षं तपासतोय. विषय बहुतेकांचा एकच: कोविडच्या काळात अमक्या देशानं निर्बंध कसे उठवले, पुन्हा रुग्ण सापडल्यावर काय केलं आणि आपण त्यातून काय शिकायचं. पहिल्या पानावर न्यूझीलंड, शेवटच्या पानावर 'राजकीय इच्छाशक्ती', आणि मधे एक रंगीत आलेख, ज्याच्या खाली तारीख नसते. चुका दरवर्षी त्याच. एखाद्यानं नवी चूक करून दाखवली तर त्याला मी चहा पाजेन, असं वर्गात सांगून ठेवलंय.

उघडलं त्याच आठवड्याचे आकडे बघून निकाल देणं

इंग्लंडनं १९ जुलै २०२१ ला जवळपास सगळे निर्बंध उठवले. वर्तमानपत्रांनी त्याला 'फ्रीडम डे' म्हटलं. आता रुग्ण दुप्पट होणार असं भाकीत जो तो करत होता, आणि झालं उलटंच. त्याच आठवड्यात रोजचे रुग्ण उतरायला लागले. माझ्याकडच्या एका प्रकल्पात यावर ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: 'निर्बंध उठवल्याने संसर्ग कमी झाला.'

अरे बाबा, १९ तारखेला पबमध्ये जाऊन लागण झालेला माणूस २१ तारखेच्या आकड्यात कसा येईल? लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला चार-पाच दिवस. मग तो दोन दिवस 'साधी सर्दी आहे' म्हणत घरी बसणार, मग चाचणी, मग अहवाल. रुग्णालयाची पायरी त्याच्याही पुढची, आणि मृत्यूंचा आकडा आणखी दोन-तीन आठवडे मागे. त्या आठवड्यात जे उतरलं त्याची कारणं १९ तारखेच्या आधीची होती. फुटबॉलच्या युरो चषकाचा अंतिम सामना ११ जुलैला संपून सामन्यांची गर्दी ओसरली होती, शाळांना उन्हाळी सुट्टी लागत होती, आणि अ‍ॅपवर 'तुम्ही संपर्कात आलात' असा निरोप आल्यामुळे लाखो लोक घरी बसले होते. यातलं कोणतं कारण किती, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. पण 'उघडलं म्हणून उतरलं' हे त्या यादीत बसतच नाही.

माझी सवय सांगतो. निर्बंध उठवल्याच्या तारखेवर मी पेन्सिलीनं रेघ मारतो, आणि तिच्यापुढे तीन आठवड्यांवर दुसरी रेघ. या दोन रेघांच्या मधलं काहीही मी वाचत नाही. मुलांना हे फार संथ वाटतं. त्यांना सोमवारी उघडलेल्या देशाचा निकाल शुक्रवारी हवा असतो.

पॉझिटिव्हिटी रेटवर डोळे मिटून विश्वास

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, कारण या चुकीत मी स्वतः हातभार लावलाय.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात पाच स्तरांची अनलॉक योजना आली. जिल्ह्याचा स्तर दोन आकड्यांवर ठरायचा: पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह, आणि ऑक्सिजनचे किती बेड भरलेत. रेट ५ टक्क्यांच्या खाली आणि बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असतील तर पहिला स्तर, म्हणजे सगळं खुलं. रेट १० च्या वर गेला की चौथा. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या वॉर रूममध्ये, म्हणजे कोविड नियंत्रण कक्षात, कंत्राटावर होतो. काम एकच, रात्री दहाला एक्सेल शीट वर पाठवायची. आमचा जिल्हा चौथ्या स्तरावर अडकलेला, व्यापारी रोज निवेदन घेऊन दारात, आणि साहेबांचा फोन सतत वाजता.

मग एका आठवड्यात अचानक चाचण्या वाढल्या. एसटी स्टँडवर, भाजी मार्केटच्या फाटकावर, बँकेच्या रांगेत टेबलं लागली आणि दिसेल त्याची अँटिजेन, म्हणजे झटपट निकालाची चाचणी. हिशेब किती सोपा आहे बघा. समजा १००० चाचण्यांत ११० पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे ११ टक्के. त्यात रांगेतल्या धडधाकट माणसांच्या आणखी १००० अँटिजेन मिळवल्या आणि त्यात ६ निघाले, की झाले २००० मध्ये ११६. ५.८ टक्के! विषाणूला काही कळलंसुद्धा नाही आणि जिल्हा एक स्तर खाली. शुक्रवारी ती शीट मीच भरली. बेरीज बरोबर होती, त्यामुळे सही करायला कुणाची हरकत नव्हती. सोमवारी दुकानांची शटर वर गेली आणि मला पेढा मिळाला. तो पेढा मी खाल्ला, हेही सांगून टाकतो.

ही युक्ती आमच्या एकट्याच्या डोक्यातली नसावी, कारण २५ जूनला राज्याचा नवा आदेश आला: स्तर ठरवताना अँटिजेन सोडून फक्त प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआर चाचण्या धरायच्या, आणि काही झालं तरी कुठलाही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली उतरणार नाही.

आता परदेशाकडे या. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये सांगितलं होतं की निर्बंध सैल करण्याआधी पॉझिटिव्हिटी सलग १४ दिवस ५ टक्क्यांच्या खाली असावी. प्रत्येक प्रकल्पात हे वाक्य असतं. त्याच्या पुढचा प्रश्न एकातही नसतो: चाचणी कुणाची झाली? एका देशात फक्त दवाखान्यात आलेल्या आजाऱ्यांची, दुसऱ्यात कामावर जाणाऱ्या प्रत्येकाची. या दोन टक्केवाऱ्या शेजारी शेजारी मांडणं म्हणजे तापाच्या वॉर्डची आणि लग्नाच्या पंगतीची तुलना. मी टक्केवारीच्या आधी एकूण चाचण्यांचा रकाना वाचतो. तो आठवड्यात पाचवा हिस्सा जरी वर-खाली झाला असेल, तर त्या आठवड्याची टक्केवारी माझ्यासाठी बाद.

'स्वीडननं काहीच बंद केलं नाही'

केलं. मार्च २०२० मध्येच पन्नासहून अधिक लोकांच्या जमावावर बंदी आणि मोठ्या मुलांच्या शाळा घरून, मग वृद्धाश्रमांत भेटी बंद, आणि नोव्हेंबरात जमावाची मर्यादा आठवर. लिहिण्याआधी वाचा.

एका दिवसाच्या उसळीवर कथा रचणं

जून २०२० मध्ये जर्मनीचा आर आकडा, म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो तो, तीन दिवसांत १.०६ वरून २.८८ वर गेला. 'जर्मनीत दुसरी लाट' असे मथळे झाले. खरं म्हणजे देशभरात रुग्ण इतके कमी होते की गुटर्सलो जिल्ह्यातल्या एका मांस कारखान्यातले दीड हजारावर बाधित कामगार सगळा आकडा उचलायला पुरे पडले. सरकारनं देश बंद केला नाही. तो जिल्हा आणि शेजारचा वारेनडोर्फ, एवढेच. कारण मे महिन्यातच ठरलं होतं की आठवड्यात लाखामागे ५० नवे रुग्ण झाले की त्या जिल्ह्यापुरता ब्रेक लागेल.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला आकडे एकदम उसळले. जुन्या एक्सेल फाइलच्या ओळी ६५,५३६ ला संपतात, आणि त्यामुळे १५,८४१ रुग्ण यादीतून गळले होते. ते नंतर एकदम मिळवले गेले. तोवर त्यांच्या संपर्कातल्या माणसांना कुणी फोनही केला नव्हता. एक्सेलला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही, माझं पोट त्यावर भरलंय. पण शेवटची ओळ कितवी आहे ते बघायला काय जातं?

कोरियाच्या गोष्टीत फक्त अ‍ॅप शोधणं

दक्षिण कोरियानं ६ मे २०२० ला निर्बंध सैल केले. त्याच्या चार-पाच दिवस आधी एक तरुण सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांत जाऊन आला होता. तो पॉझिटिव्ह निघाला, ९ मेला सोलनं क्लब बंद केले, शाळा उघडणं आठवडाभर पुढे ढकललं. मोबाइल टॉवरच्या नोंदी आणि कार्डाचे व्यवहार वापरून त्या भागात कोण कोण होतं ते काढलं. इथपर्यंत सगळे लिहितात, कारण तंत्रज्ञान म्हटलं की डोळे चमकतात.

पण यादी हातात येऊनही माणसं सापडत नव्हती. त्यातले काही क्लब समलिंगी लोकांचे होते. माध्यमांनी ते छापलं आणि लोक दडून बसले. नोंदवहीत खोटे फोन नंबर निघाले. इंचनमधल्या एका शिकवणीच्या मास्तरानं तर आपलं कामच लपवलं, आणि तोवर त्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत, त्यांच्या घरच्यांपर्यंत संसर्ग पोचला. तेव्हा सोलनं नाव न विचारता चाचणी सुरू केली. फक्त फोन नंबर द्या, बास. मग लोक आले.

हे वाचताना मला आपल्याकडचे पत्रे आठवतात. सोसायटीच्या फाटकाला पत्रे ठोकायचे, दारावर स्टिकर लावायचं, आणि मग विचारायचं की लोक चाचणीला का येत नाहीत. वॉर रूममधून मी फोन करायचो तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचाच. 'पत्रे लावणार का हो?' हाच असायचा.

गोष्ट सोयीच्या महिन्यात संपवणं

न्यूझीलंडची गोष्ट मुलं जून २०२० मध्ये संपवतात, जेव्हा सीमेवरचे सोडून सगळे निर्बंध उठले. पुढचं वाचायचा कंटाळा. १०२ दिवस समाजात एकही रुग्ण नव्हता, आणि ११ ऑगस्टला ऑकलंडमध्ये एकाच कुटुंबात चार निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी शहर पुन्हा निर्बंधांच्या चारपैकी तिसऱ्या पातळीवर, आणि देशाची निवडणूक चार आठवडे पुढे. मला विचाराल तर या देशाकडून शिकायचं ते इथे आहे. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये, विषाणूचा डेल्टा प्रकार आटोक्यात येत नाही म्हटल्यावर, 'शून्य रुग्ण' हे धोरण त्यांनीच सोडलं.

सिंगापूरचं कौतुक मार्च २०२० पर्यंत करा, आणि एप्रिलमध्ये स्थलांतरित कामगारांच्या डॉर्मिटरीत काय झालं ते वगळा, म्हणजे प्रकल्प छान दिसतो. तीन लाखांवर माणसं, त्यात आपल्याकडची कितीतरी, एकेका खोलीत बारा-बारा, वीस-वीस. त्या वर्षीचे नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण तिथले. व्हिएतनामचेही समाजात रुग्ण नसलेले ९९ दिवस सांगतात, शंभराव्या दिवशी दा नांग शहरात पुन्हा रुग्ण सापडला ते सांगत नाहीत.

कागदावरच्या कडकपणाला कडकपणा समजणं

ऑक्सफर्डचा एक निर्देशांक आहे, शून्य ते शंभर. सरकारी निर्बंध किती कडक ते मोजतो. पाळले किती, ते मोजत नाही. पेरूनं १६ मार्च २०२० लाच कडक टाळेबंदी लावली, निर्देशांक आकाशाला. पण निम्म्याच्या आसपास घरांत फ्रिज नव्हता, त्यामुळे बाजारात दर दोन दिवसांनी जावंच लागे, आणि बहुतेक कामगार रोजंदारीवर. पुढच्या वर्षी मृत्यूंची फेरमोजणी झाली तेव्हा आकडा सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांच्या वर गेला. हा निर्देशांक वापरू नका असं मी म्हणत नाही. पण मी त्याच्याशेजारी नेहमी एक प्रश्न लिहितो: तिथे माणूस किती दिवस कमाईशिवाय घरात बसू शकतो?

दार लावण्याआधी इशारा दिला का, हे न बघणं

मेलबर्नची दुसरी लाट हॉटेल क्वारंटाइनमधून, म्हणजे परदेशातून आलेल्यांना जिथे वेगळं ठेवत त्या हॉटेलांतून, निसटली. शहर ११२ दिवस बंद राहिलं. ४ जुलै २०२० ला, एका दुपारी, सरकारी वसाहतीतले नऊ टॉवर जागच्या जागी बंद केले. आत सुमारे तीन हजार माणसं, बहुतेक गरीब आणि बाहेरून आलेली, आणि खाली पोलिस. डिसेंबरात तिथल्या लोकपालांनी सांगितलं की तसं तडकाफडकी कोंडल्यानं रहिवाशांच्या मानवी हक्कांचा भंग झाला.

यंदा एका मुलीनं तक्त्यात एक रकाना घातला जो मी आजवर कुणाच्याच प्रकल्पात पाहिला नव्हता: 'बंद होण्याआधी लोकांना किती तास मिळाले'. मार्च २०२० च्या न्यूझीलंडसमोर अठ्ठेचाळीस. भारतासमोर चार. मेलबर्नच्या टॉवरांसमोर शून्य. आलेखाखाली तारीख मात्र तिनंही टाकली नव्हती. चहा तरीही पाजला.