आरसीसी बीमच्या डिझाइनमध्ये या चुका टाळा

बीम किती भार पेलेल, हे डिझाइन करणारा प्रत्येक जण तपासतो; भार त्याहून वाढला तर तो कसा मोडेल, हे तपासणारे मात्र थोडे असतात. नीट डिझाइन केलेला बीम मोडण्याआधी ठळकपणे वाकतो, तळाशी तडे दाखवतो आणि खालच्या माणसांना बाहेर पडायला अवधी देतो. हा अवधी हिरावून घेणाऱ्या चुका मी सर्वांत गंभीर मानतो.

त्यातली पहिली चूक ‘दोन सळ्या जास्त टाकल्या तर बिघडते काय’ या विचारातून होते. बीमवर भार आला की वरचे काँक्रीट दाबले जाते आणि खालच्या सळ्या ताणल्या जातात. काँक्रीट किती विकृतीला (मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या बदलाला) चिरडते, यासाठी आयएस 456 हे काँक्रीटचे भारतीय मानक आणि युरोपीय मानक सामान्य काँक्रीटकरिता 0.0035 हा आकडा धरतात, तर अमेरिकी मानक 0.003 धरते. ती पातळी गाठण्यापूर्वी सळ्या यील्ड व्हायला, म्हणजे ताणून कायमच्या लांबू लागायला हव्यात. समजा बीम 230 मिमी रुंद व 450 मिमी खोल आहे, काँक्रीट एम 20 (दाबक्षमता 20 न्यूटन प्रति चौरस मिमी), सळ्या एफई 500 (यील्ड ताण 500 न्यूटन प्रति चौरस मिमी) आणि प्रभावी खोली, म्हणजे वरच्या कडेपासून तळाच्या सळ्यांपर्यंतचे अंतर, 409 मिमी आहे. वरच्या सळ्या हिशेबात न धरता आयएस 456 प्रमाणे गणित केले, तर तळाच्या स्टीलची मर्यादा सुमारे 716 चौरस मिमी येते. 16 मिमीच्या तीन सळ्यांचे क्षेत्रफळ 603 चौरस मिमी भरते, म्हणजे बीम मर्यादेत आहे. चौथी सळई टाकताच ते 804 होते आणि आता सळ्या यील्ड होण्याआधी वरचे काँक्रीट अचानक फुटण्याची स्थिती येते. क्षमता कमी पडत असेल तर बीमची खोली वाढवावी, आणि ते शक्यच नसेल तर वरच्या दाबाच्या बाजूलाही हिशेबाने सळ्या द्याव्यात.

प्रभावी खोलीचा घोळ याच्याच शेजारी बसतो. ती तळाच्या सळ्यांच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते, बीमच्या तळापर्यंत नव्हे. वरच्याच बीममध्ये 20 मिमीच्या सळ्या एका थरात बसल्या तर, 25 मिमी कव्हर (रिंगांबाहेरचे काँक्रीट) आणि सळ्यांना वेढणाऱ्या 8 मिमीच्या रिंगा धरून, ही खोली 407 मिमी येते. त्याच सळ्या मध्ये 25 मिमी अंतर ठेवून दोन समान थरांत लावल्या की ती सुमारे 384 मिमी उरते. आकडेमोडीत एक थर आणि नकाशात दोन थर, असे मी अनेकदा पाहिले आहे.

भारांच्या बाबतीत बीमवरची भिंत विसरण्याची चूक नेहमीची आहे. तीन मीटर उंच व 230 मिमी जाड विटांची भिंत प्रतिमीटर सुमारे 14 किलोन्यूटन भार देते, तर वरच्या बीमचे स्वतःचे वजन प्रतिमीटर जेमतेम 2.6 किलोन्यूटन असते.

शिअरकडे, म्हणजे बीमला आडवा कापू पाहणाऱ्या बलाकडे, दुर्लक्ष मात्र महागात पडते, कारण शिअरचे मोडणे जवळजवळ सूचनेविना होते. 1955 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात विल्किन्स एअर फोर्स डेपोच्या गोदामाचे छत कोसळले. त्या छताचे सुमारे 914 मिमी खोलीचे बीम जिथे तुटले तिथे रिंगा नव्हत्या, आणि आकुंचनाला झालेल्या अटकावामुळे आलेल्या ताणाने काँक्रीटची शिअर क्षमता आणखी घटली होती. या घटनेनंतर अमेरिकी मानकातील शिअरचे नियम कडक झाले. आयएस 456 नुसार उभ्या रिंगांमधील अंतर प्रभावी खोलीच्या 0.75 पट किंवा 300 मिमी, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त ठेवता येत नाही. आधाराजवळ हिशेबाप्रमाणे ते आणखी कमी करावे लागते. साइटवर एफई 415 ऐवजी तितक्याच एफई 500 च्या सळ्या वापरल्या, तर वाकून मोडण्याआधी बीम अधिक भार पेलतो आणि जुन्याच रिंगांवर अधिक शिअर येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

अनेक आधारांवरून जाणाऱ्या सलग बीममध्ये आधारावर ताण वरच्या बाजूला असतो, आणि कॅन्टिलिव्हरमध्ये (एकाच टोकाला आधार असलेल्या बीममध्ये) तर मुख्य सळ्या वरच हव्यात. नकाशात त्या बरोबर असूनही काँक्रीट ओतताना पायाखाली दबून खाली सरकतात. म्हणून त्यांना पक्का आधार द्यावा. या सळ्या आधाराच्या आत पुरेशा लांबीने गेल्या नाहीत तर त्या असून नसल्यासारख्या होतात. एम 20 काँक्रीटमध्ये एफई 500 च्या सळईला व्यासाच्या सुमारे 57 पट लांबी लागते, म्हणजे 16 मिमीच्या सळईला 900 मिमीहून थोडी अधिक.

बांधलेल्या बीमला तडे गेले असतील तर त्यांची जागा आणि दिशा आधी वाचावी. मध्यावर तळाशी उभे, केसासारखे तडे बहुधा वाकण्यामुळे पडतात आणि ते बारीकच राहिले तर सामान्य समजावेत. सळईच्या लांबीने जाणारा, गंजाचे डाग असलेला तडा गंजामुळे सळई फुगल्याचे सांगतो. आधाराजवळचा तिरका तडा सर्वांत चिंतेचा. त्यावर प्लास्टर करून तो झाकू नये, तर भार कमी करून लगेच टेके लावावेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. टेके नुसते टेकतील इतकेच आवळावेत, कारण बीम वर ढकलला गेला तर टेक्यापाशी त्याच्या वरच्या बाजूला ताण येतो आणि तिथे सळ्या बहुधा नाममात्र असतात. टेक्यातून उतरणारा भार खालच्या स्लॅबला झेपणार नसेल, तर टेके त्याखालच्या मजल्यांवरही, गरज पडल्यास थेट जमिनीपर्यंत न्यावे लागतात.