बाप होणार आहेस? फाईल तू सांभाळ

चाकणला आमच्या शिफ्टमध्ये दरवर्षी कुणी ना कुणी बाप होणार असतो. मला दोन मुली आहेत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत पोरं हळूच विचारतात, "दादा, मी नेमकं काय करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. बायकोची दवाखान्याची फाईल तू सांभाळ. त्यात काय लिहिलंय ते कळलं की निम्मी धास्ती जाते.

पहिल्यांदा रक्तगट बघ. ती निगेटिव्ह आणि तू पॉझिटिव्ह असशील, तर डॉक्टरांना अँटी-डी इंजेक्शनचं आपणहून विचार; आईचं शरीर बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून ते देतात. साधारण २८ व्या आठवड्यात एक देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. सोनोग्राफीचे चकचकीत कागद कालांतराने फिके पडतात, त्यांचे फोटो काढून ठेव. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही, त्यात बाळाचे अवयव नीट तपासतात. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, घरच्यांनाही विचारू द्यायचं नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्या प्रश्नाचं ओझं तिच्यावर पडतं.

लोहाच्या गोळ्या तू स्वतः दे. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. लिंबूपाण्याबरोबर दिलीस तर चांगलं. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. मळमळतं म्हणून ती गोळ्या टाळत असेल तर रागावू नकोस, डॉक्टरांकडून गोळी बदलून घे.

एक प्रश्न पोरं विचारायला लाजतात: जवळ गेलं तर चालतं का? रक्तस्राव नसेल, वार (प्लासेंटा) खाली नसेल, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर बहुतेकदा चालतं. तिची इच्छा मात्र आधी. डॉक्टरांना सरळ विचार, त्यांना यात नवीन काही नसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यानंतर ती तिकडे आणि तू इथे. खरा घोर इथे सुरू होतो. ती निघण्याआधी तिथला दवाखाना ठरव, एकदा स्वतः जाऊन डॉक्टरांना भेट, फाईलची झेरॉक्स सासऱ्यांकडे दे. रात्री गाडी कोण काढणार, गरज पडली तर रक्त कोण देणार, ही नावं आधीच ठरलेली हवीत. १०८ आणि १०२ हे ॲम्ब्युलन्सचे नंबर दोन्ही घरांत लिहून ठेव. रोज फोनवर "जेवलीस का?" विचारतोसच, त्याच्या जोडीला "बाळ हलतंय ना?" हेही विचार. हालचाल कमी वाटली, रक्त किंवा पाणी गेलं, डोकं खूप दुखायला लागलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, चेहरा-हात सुजले, तर सकाळची वाट बघायची नाही. थेट दवाखाना.

पैशाची काळजी सगळ्यांनाच असते. सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण मोफत आहे, सिझर झालं तरी. औषधं, रक्त, जेवण त्यातच. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर बाळंतपणाची मर्यादा किती आणि बाळाचं नाव कधी घालायचं हे एचआरला आत्ताच विचार. केंद्र सरकारी नोकराला बापपणाची १५ दिवस रजा मिळते. खाजगीत तसा कायदा नाही, म्हणून सुपरवायझरशी महिनाभर आधी बोल आणि साठवलेली रजा बाळ आल्यावरच वापर. डोहाळजेवणाला एक दिवस पुरतो.

सिझरच्या कागदावर सही मागतील तेव्हा कारण विचारून घे. शांतपणे विचारलंस तर सांगतात. निर्णय तिलाही कळायला हवा, सही तिचीही असते.

बाळ हातात आलं की कुणीतरी मध किंवा घुटी चाटवायला पुढे येईल. मोठ्यांना अडवणं सुनेला जड जातं, ते काम तुझं. पहिल्या तासात आईचंच दूध, आणि सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली का ते दवाखान्यात विचार, आणि दाखल्यावर तिच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना हे तिथेच उभं राहून तपासून घे.