फॉक्सप्रोत ? ने रक्कम छापताय? या चुका टाळा

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये बंद केला. तरी निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या पतसंस्थेत किंवा अडत दुकानात डोकावलं तर टेबलावर फॉक्सप्रोत लिहिलेलाच प्रोग्रॅम दिसतो. लिहून देणारा कधीच बेंगळुरूला गेलेला असतो आणि छपाई बिघडली की ऑपरेटरने बघायचं. अशांसाठी हे. शीर्षकातलं ? हे प्रश्नचिन्ह नाही, ती पडद्यावर किंवा कागदावर छापायची फॉक्सप्रोची कमांड आहे. कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

रकमेच्या जागी चांदण्या आल्या की लोक घाबरतात. खरं तर ही सगळ्यात सोपी चूक. पिक्चर म्हणजे रक्कम कशी छापायची ते सांगणारा साचा, त्यात एक ९ म्हणजे एका अंकाची जागा. पिक्चरमध्ये ९९,९९९.९९ असा साचा आहे आणि उसाचं बिल सव्वा लाखाचं झालं, तर आकडा मावत नाही म्हणून फॉक्सप्रो * * * छापतो. डेटा शाबूत असतो. साचा ९९,९९,९९९.९९ करा. स्वल्पविराम तुम्ही ठेवाल तिथेच पडतो, त्यामुळे लाखाची मांडणीही बरोबर येते. रक्कम उणे जाऊ शकत असेल तर चिन्हासाठी एक ९ जास्त ठेवा.

भीती वाटायला हवी ती चांदण्या न दाखवणाऱ्या चुकांची. मजकुराला रक्कम जोडताना 'ऑपरेंड टाइप मिसमॅच' असा एरर आला की आकड्याचा मजकूर करणारं एसटीआर() लावून मोकळं व्हायची सवय असते. नुसत्या एसटीआर() ला लांबी १० आणि दशांश शून्य धरलेले असतात. म्हणजे १२५०.७५ चे १२५१ छापून येतात आणि पावती दिसायला एकदम व्यवस्थित! लांबी दिली पण कमी दिली, तरी घोळच. ४८२१५.६० ला लांबी ७ आणि दशांश २ सांगितले तर ४८२१५.६ येतं, कारण बिंदूही लांबीत मोजला जातो. जागा कमी पडली की आधी पैशांवर कात्री, रुपयेच मावले नाहीत तर मग चांदण्या. त्यापेक्षा आकडा साच्यात बसवून मजकूर करणाऱ्या ट्रान्सफॉर्म() ला सरळ साचा द्यावा.

मजकुराच्या बाबतीत तर इशाराच नाही, जास्तीची अक्षरं गुपचूप कापली जातात. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं अधिकृत नाव बदलून बेळगावी झालं आणि इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरांवरून आठवर गेलं. पत्त्याच्या साच्यात सातच एक्स (एक एक्स म्हणजे एका अक्षराची जागा) असतील तर शेवटचा आय गायब. उलट फील्ड लांब आणि नाव छोटं असेल तर नाव आणि आडनावात मैदानाएवढी मोकळी जागा पडते, तिथे कडेच्या रिकाम्या जागा काढणारं ऑलट्रिम() वापरा.

खातेउताऱ्यावर @सी आणि @एक्स वापरणारे जपून. साच्यातल्या @सी मुळे धन आकड्यानंतर सीआर (क्रेडिट, जमा) लागतं, @एक्स मुळे ऋण आकड्यानंतर डीबी (डेबिट, नावे). फॉक्सप्रोला तुमची जमा-नावे कळत नाही, तो फक्त चिन्ह बघतो. कर्जाची बाकी तुम्ही धन ठेवत असाल तर कर्जदाराच्या उताऱ्यावर सीआर छापून येईल आणि तो ठेव मागायला काउंटरवर हजर!

तारीख महिना-दिवस अशी उलटी येत असेल तर सुरुवातीला 'सेट डेट ब्रिटिश' आणि 'सेट सेंच्युरी ऑन' घाला. ५ जून आणि ६ मे यांतला फरक हप्त्याच्या दिवशीच लक्षात येतो.

आता प्रिंटर. ? आधी नवीन ओळीवर जातो आणि मग छापतो, ?? आहे त्याच ओळीत छापतो. डॉट मॅट्रिक्सवर सगळं येतं पण शेवटची 'एकूण' ओळ अडकते, ती यामुळेच. त्या ओळीनंतर पुढे सरकायचा हुकूमच गेलेला नसतो. शेवटी एक रिकामा ? किंवा 'इजेक्ट' द्या. 'सेट डिव्हाइस टू प्रिंटर' लिहून ? वापरलं तर कागदावर काहीच येत नाही, कारण ती सोय ठरलेल्या जागी छापणाऱ्या @...से या कमांडची. ? साठी 'सेट प्रिंटर ऑन' लागतं, आणि काम झाल्यावर आठवणीने 'ऑफ'. नाहीतर पडद्यावरचे 'नोंद सेव्ह झाली' वगैरे निरोपही पावतीवर उमटतात. तपासताना 'सेट प्रिंटर टू' पुढे फाइलचं नाव द्या, कागद वाचतो.

आपल्याकडची खास अडचण नावांची. एका यादीत पाटील, कुलकर्णी, हिरेमठ सगळे, कोणाचं नाव मराठी फॉन्टात तर कोणाचं कन्नड. जुन्या फॉन्टांत ही अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर बसवलेली असतात. साच्यात @! (सगळी अक्षरं कॅपिटल करा) असेल तर फॉक्सप्रो त्यांना कॅपिटल करायला जातो आणि नावाचा पार चिवडा होतो. @! काढलं की नाव जागेवर येतं. मोबाइलवरून युनिकोड (हल्लीच्या मोबाइल-संगणकावरच्या टायपिंगची पद्धत) नाव आणून चिकटवलं आणि नुसती प्रश्नचिन्हं आली, तर पिक्चर बदलत बसू नका. फॉक्सप्रोला युनिकोड येत नाही. नाव त्याच जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करा, नाहीतर सरळ इंग्रजीत ठेवा.